निळ्या शिडामागे: नागपूर आणि खिंडसी

मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसने नागपूरला जायचे, आणि तेही शिडाची बोट चालवायला, हे ऐकून घरच्यांनी मनसोक्त हसून घेतले. एंटरप्राइज या वर्गाच्या बोटीचा इतिहास त्यांना ठाऊक असता तर ते इतके हसले नसते. दोघांनी मिळून चालवायची ही लहान शर्यती बोट ब्रिटनमध्ये समुद्रापेक्षा नद्यांवर, धरणांच्या जलाशयांवर आणि खडीच्या खाणींत साठलेल्या पाण्यावरच अधिक फोफावली. त्या हिशेबाने पाहिले तर नागपूर जिल्हा, ज्याच्या पोटात अंबाझरीपासून खिंडसीपर्यंत तलावच तलाव आहेत, तिला परका वाटायचे काही कारण नाही.

ज्यांच्याकडे मी उतरले ते काका नौदलातून निवृत्त झालेले. त्यांच्या अंगणात, आंब्याच्या सावलीत, दोन लाकडी घोड्यांवर बोट पालथी घातलेली होती. लांबी ४.०४ मीटर, रुंदी १.६ मीटर, आणि डोलकाठी-शिडांशिवाय नुसत्या बोटीचे वजन ९० किलोंच्या आसपास, म्हणजे चार माणसांनी उचलून ट्रेलरवर ठेवावी इतकी ती हलकी. बोटीचे पोट गोल नसून सपाट फळ्यांचे असते: तळाची फळी, तिला कोन करून दुसरी आणि तिला कोन करून वरची उभी. प्रत्येक बाजूला असे दोन कोन पडतात, त्यांना चाइन म्हणतात. या दोन कोनांमुळे सरळ प्लायवूडमधून जवळजवळ गोल आकार साधतो आणि लाकूड वाफवून वाकवण्याचे, मुरलेल्या कारागिराचे काम टळते. काका स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीवर ठोकत पुढे सरकत होते. टणक आवाज आला की हात पुढे जाई. बद्द आवाज आला की तिथे खडूची खूण. नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, जिथे पाणी मुरून आतले थर सुटतात, तिथे खुणांची दाटी झाली होती. मला विचाराल तर हा वर्ग समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण त्याचे मर्म शिडाइतकेच या प्लायमध्ये आहे.

दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटोसारखी विमाने प्लायवूडची बनत होती, आणि त्या काळात पाण्याला दाद न देणारे कृत्रिम रेझिनचे गोंद सुधारत गेले. युद्ध संपल्यावर हीच सामग्री बोटी बांधणाऱ्यांच्या हाती आली. जॅक होल्ट हा लंडनच्या टेम्सकाठचा, सुतारकामात हात बसलेला आरेखक. १९४७ साली त्याने मुलांसाठी कॅडेट आखली, १९४९ साली जीपी १४, आणि १९५६ साली एंटरप्राइज. त्या बोटीला ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राने हात दिला आणि सुरुवातीला ती या वृत्तपत्राच्या नावाने ओळखली जाई. प्रसिद्धीसाठी जो घाट घातला गेला तो आज कुणी घालू देईल असे वाटत नाही: भर हिवाळ्यात, रात्रीच्या अंधारात, अशा दोन उघड्या बोटी इंग्लिश खाडी ओलांडून पलीकडे नेल्या. बोट तगली आणि लोकांनी ती घेतली. कापलेल्या तुकड्यांचा संच विकत आणून घरच्या गॅरेजमध्ये जोडणारे हजारो निघाले, आणि शिडावरचे क्रमांक पुढे २२ हजारांच्या वर गेले. पाठीराखे वृत्तपत्र मात्र १९६० साली बंद पडले. त्याचे नाव गळून गेले आणि शिडाचा निळा रंग तेवढा टिकला. पुढे होल्टनेच ‘डेली मिरर’साठी टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणाऱ्या बॅरी बकनेल यांच्या साथीने मिरर ही लाल शिडाची बोट केली. वृत्तपत्रांनी वाचकांना बोटी बांधायला लावण्याचा तो काळ होता. आपल्याकडे वृत्तपत्रे स्टीलचे डबे देऊन थांबली.

भारतात एंटरप्राइज नौदलाने, लष्कराने आणि एनसीसीच्या नौदल विभागाने उचलून धरली, त्यामुळे समुद्र न पाहिलेल्या अनेक मुलांनी शीड पहिल्यांदा बांधले ते हिच्यावरच. आशियाई क्रीडा स्पर्धांतही तिला स्थान होते. १९७८ च्या बँकॉक स्पर्धांत पाकिस्तानच्या बैराम आवारी आणि मुनीर सादिक यांनी या वर्गात सुवर्ण मिळवले. १९८२ च्या दिल्ली स्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा आवारींनी ते पुन्हा मिळवले, आणि या वेळी बोटीत त्यांच्यासोबत पत्नी गोश्पी होत्या. कराचीच्या पारशी जोडप्याने मुंबईत येऊन सुवर्ण न्यावे, आणि त्याच स्पर्धांत फायरबॉल या दुसऱ्या दोनमाणशी वर्गाचे सुवर्ण भारताच्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी जिंकावे, हा योग काका रंगवून सांगतात. फायरबॉलला तारेला लटकून तोल सांभाळायचा ट्रॅपीझ असतो आणि फुग्यासारखे तिसरे शीड, स्पिनेकरही असते. एंटरप्राइजला या दोन्ही गोष्टी नाहीत, आणि त्यातच तिचा मोठेपणा आहे असे काकांचे ठाम मत आहे. मला ते पूर्ण पटत नाही, पण नवख्या जोडीला पहिल्याच हंगामात शर्यतीत उतरता येते ते या साधेपणामुळेच, हे मान्य करावे लागते.

दुरुस्ती झाल्यावर बोट ट्रेलरवर चढवून कामठी, कन्हानमार्गे आम्ही मनसरला आलो आणि तिथून रामटेककडे वळलो. अंबाझरी घराजवळ असताना एवढ्या लांब कशासाठी, तर तिथे जलपर्णी माजते आणि बोटीखाली पाण्यात उतरवलेल्या उभ्या फळीला, सेंटरबोर्डला, तिची मुळे गुंडाळली की वेग मरतो. सूर नदीवर १९१३ साली बांधलेल्या धरणाचा हा खिंडसी तलाव पुष्कळ मोठा आणि मोकळा आहे. भोवती टेकड्या असल्यामुळे वारा मात्र सरळ येत नाही. एका खिंडीतून येतो, क्षणभर थांबतो आणि भलत्याच दिशेने पुन्हा उठतो.

डोलकाठी उभी करून तिन्ही बाजूंच्या तारा ताणल्या, मेनसेल हे मोठे शीड आणि जिब हे पुढचे लहान शीड चढवले. सुकाणू आणि मेनसेल काकांच्या मुलीकडे, जिब आणि सेंटरबोर्ड माझ्याकडे. “पोरी, हवा आधी पाण्यावर पाह्यजो, मंग दोर ओढजो,” असे काठावरून काकांनी बजावले होते. पाण्यावर गडद सुरकुतीचा पट्टा धावत येताना दिसला की दोघींनी पाय बोटीच्या तळाशी बांधलेल्या पट्ट्यांत अडकवून पाठ पाण्यावर झोकून द्यायची, बोट सपाट ठेवायची आणि त्या झोताचा वेग करून घ्यायचा. वजनाच्या मानाने शीड बरेच मोठे, १० चौरस मीटरहून थोडे अधिक. त्यामुळे हलक्या वाऱ्यातही ही बोट चालती राहते, आणि विदर्भातल्या हिवाळी सकाळी तर हलकाच वारा असतो.

तिची खोड कळते ती वारा पाठीमागे घेतल्यावर. मेनसेल एका बाजूला पूर्ण सोडायचे, जिब काठीने दुसऱ्या बाजूला पसरून धरायचे आणि दोघांनी दोन अंगांना बसायचे. सरळ जाणारी बोट अचानक डावी-उजवी झुलू लागते, आणि दर झोक्याला झोका वाढतो. अशा वेळी सेंटरबोर्ड थोडे खाली सोडून सुकाणू ठाम धरावे लागते. घाबरून एकाच बाजूला सरकले की बोट आडवी होतेच. आडवी झालेली जुन्या घडणीची एंटरप्राइज सरळ उभी राहते तेव्हा काठोकाठ भरलेली असते. आत बांधलेल्या हवेच्या पिशव्या तिला बुडू देत नाहीत, पण पाणी काढेपर्यंत शर्यत निघून गेलेली असते. नव्या फायबरच्या बोटींत बंद हवेचे कप्पे असल्याने पाणी कमी शिरते, आणि माझा कौल त्यांनाच आहे. काकांना फायबरचे नाव काढलेले खपत नाही.

दुपारी जेवताना मूळ अडचण निघाली: एका बोटीने शर्यत होत नाही. या वर्गाची सगळी मजा बोटी एकसारख्या असण्यात आहे. लांबी, वजन आणि शीड नियमाने बांधलेले असल्याने पैशाने वेग विकत घेता येत नाही आणि जिंकणारी जोडी वारा वाचून जिंकते. पण त्यासाठी शेजारी तसलीच दुसरी बोट हवी. काकांनी हैदराबादकडची एक जुनी बोट पाहून ठेवली आहे. तिच्या मागच्या फळीची प्लाय कुजलेली आहे, मालक किंमत सोडायला तयार नाही, आणि फळी बदलायला मरीन प्लाय किती लागेल याचा हिशेब काकांच्या खिशातल्या वहीत लिहून तयार आहे.