रोप देईन, काढा सांगणार नाही

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून बियांच्या पुड्या देते, हे एव्हाना सोसायटीत आणि नात्यागोत्यात सगळ्यांना पाठ झालंय. तुळस, सब्जा, शेपू, धने, किराईत. पुडी घरी गेली की दुसऱ्या दिवसापासून फोन. कशी पेरू, पाणी किती, ऊन किती. या सगळ्याची मी उत्तरं देते, समोरच्याला कंटाळा येईपर्यंत देते. आणि मग येतो तो प्रश्न: "ताई, हे कशावर घ्यायचं? किती घ्यायचं?" मी म्हणते, ते मी सांगत नाही. कुणाला वाटतं, ही भाव खाते. कुणाला वाटतं, माहेरचं काहीतरी गुपित आहे. एका मावशींनी तर तोंडावर ऐकवलं, "एवढं औषध दारात लावून बसलीस, आणि चार शब्द सांगायला जिवावर येतं होय?"

येतं, मावशी. का येतं, ते एकदाच लिहून ठेवते.

बियांचं मला रात्री दोनला उठवून विचारा. धने अख्खे पेरू नका. एका दाण्यात दोन बिया असतात, लाटण्याखाली हलकेच रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा. पुण्यात मार्चनंतर कोथिंबीर लावलीत तर चार पानं आली की तुरा काढून मोकळी होईल, तो तुमचा दोष नाही, उन्हाचा आहे. तुळशीचं बी इतकं बारीक की श्वासानं उडतं. चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून पसरायचं, तळव्यानं दाबायचं, वरून माती लोटायची नाही, कारण त्याला उजेड लागतो. किराईताचं बी ताजं पेरलंत तर ढिम्म हलत नाही. त्याला काही महिने झोप हवी असते. हे ठाऊक नसताना मी पहिल्या वर्षी अख्खा ट्रे उकिरड्यावर ओतला होता. आणि भज्यांसाठी ज्याची जाड, लवदार पानं तोडता तो ओवा आणि मसाल्याच्या डब्यातला ओवा ही दोन वेगळी झाडं आहेत. पहिला फांदीवर लागतो. दुसरा बियांवर, आणि त्याची पानं शेपूसारखी झिरमिळी असतात. डब्यातला ओवा पेरून "जाड पानं का येत नाहीत" असं विचारणारे दरवर्षी दोन तरी निघतात.

हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण माझ्याकडे वही आहे. शंभर पानी, निळी. तारीख, काय पेरलं, किती बिया, किती उगवल्या, कितव्या दिवशी. पन्नास तुळशी पेरल्या, एकतीस आल्या, असं.

आता त्याच वहीतलं एक पान.

14 ऑक्टोबर 2019, सोमवार. "शेपू पेरला, लांब कुंडी. अण्णांना अडुळसा सुरू."

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर. खोकला त्यांना नवा नव्हता. डिझेल, धूळ आणि "पुढे सरका" यांनी घसा आधीच खरवडलेला. त्यात त्या वर्षी ऑक्टोबर सरत आला तरी पाऊस जायचं नाव घेईना. हवा बदललीय, असं सगळेच म्हणत होते आणि मीही म्हटलं. अडुळसा दारात होताच (तो फांदीवर लावलेला, त्याच्या बियांच्या भानगडीत मी पडले नाही). पिकायला आलेली पिवळसर पानं निवडायची, तव्यावर मऊ होईपर्यंत गरम करायची, फडक्यात घालून पिळायची. सात-आठ पानांचा जेमतेम चमचाभर रस निघतो, हिरवट काळा. तो मधातून द्यायचा. आई असंच करायची.

21 ऑक्टोबर: "शेपू वर आला. अण्णांचा कफ सुटतोय."

सुटला होता, खरंच सुटला होता. मी त्या वाटीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, "घरचा अडुळसा!" म्हणून. खाली अंगठ्यांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, हिचं घर म्हणजे दवाखानाच. मी ते किती वेळा वाचलं असेल, सांगायची लाज वाटते.

दिवाळी झाली. अण्णांनी फराळाकडे फारसं पाहिलं नाही. मला वाटलं, आईशिवायची दिवाळी. संध्याकाळी अंगात कणकण यायला लागली. त्यावर माझ्याकडे किराईत होतंच, आणि ते मी स्वतः बियांपासून वाढवलेलं. आईच्या माहेरी, राजापूरकडे, पावसाळा सरता सरता पोरांचं नाक दाबून ते पाजायचे. अण्णा मात्र नाक न दाबता प्यायचे आणि म्हणायचे, "तुझ्या आईचं यापेक्षा कडू असायचं."

नोव्हेंबरच्या मध्यावर कधीतरी ते बाल्कनीत आले आणि म्हणाले, "अगं, तो तुझा कुंड्यांना भोकं पाडायचा खिळा दे जरा." प्लॅस्टिकच्या डब्यांना तळाशी भोकं पाडायला माझ्याकडे एक जाड खिळा आहे. मी मातीतून हातही काढला नाही. "त्या डब्यात आहे, घ्या ना," म्हटलं. ते खाली बसले, कमरेचा पट्टा फरशीवर ठेवला आणि त्याला नवीन भोक पाडलं. बत्त्यानं ठोकून. दोन ठोके मारले की थांबून खोकायचे, मग पुढचे दोन. मी शेजारी बसून शेपूची विरळणी करत होते. हाताच्या अंतरावर.

माझ्या वडिलांना पट्ट्याला नवीन भोक लागतंय, यात मला काही दिसलं नाही. कुंडीत दाटी झालेली मला दिसत होती.

30 नोव्हेंबरला, शनिवारी, नाशिकहून भाऊ आला. दारातच म्हणाला, "अण्णा, केवढे वाळलात!" मला राग आला. चार महिन्यांनी उगवणार आणि पहिलं वाक्य हे! सोमवारी तोच त्यांना घेऊन गेला. थुंकी दिली, छातीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी निदान आलं: क्षय. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला. वहीत 2 डिसेंबरपुढे माझ्या अक्षरात "शेपूची पहिली कापणी" आहे आणि पुढे काहीच नाही. 14 ऑक्टोबर ते 2 डिसेंबर, एकोणपन्नास दिवस. सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. ते मी शेकडो वेळा वाचलंय. बाकी सगळ्याचे दिवस मोजणारी मी.

आता तुम्ही म्हणाल, अडुळशानं काय क्षय झाला? नाही झाला. हे मी भावालाही सांगितलं आणि आजही सांगेन. अण्णा स्वतःहून डॉक्टरकडे जाणाऱ्यांतले नव्हतेच. डॉक्टरकडे गेले असते तरी आधी खोकल्याची बाटली आणि पाच दिवसांच्या गोळ्या, असे पंधरा दिवस गेलेच असते. शिवाय त्या बाटलीतलं ब्रोमहेक्सिन आलं कुठून? अडुळशातल्या व्हॅसिसिनच्या धर्तीवरच बनवलंय ते. हे वाक्य मी पूर्वी लोकांच्या तोंडावर फेकायचे, "आमच्या अडुळशातलंच तुम्ही बाटलीत भरून विकता" म्हणून. वाक्य खोटं नाही. पण व्हॅसिसिन कफ सैल करतं, जंतू मारत नाही, हा त्याचा उरलेला अर्धा भाग मी कधी म्हणतच नव्हते. आणि कफ सैल झाला म्हणूनच तर आम्ही सगळे निर्धास्त राहिलो. काढा अजिबात लागू पडला नसता, तर कदाचित दुसऱ्याच आठवड्यात उठलो असतो.

कदाचित. भाऊ म्हणतो, कदाचित वगैरे काही नाही, तू त्यांच्यावर प्रयोग केलास. यावर आमचं बोलणं पुढे गेलेलं नाही. राखीला येतो, जेवतो, जातो.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी कदाचित तुम्हाला प्रमाण सांगत राहिले असते. माणसाचं मन फार लबाड असतं, आणि माझं तर आहेच. पण तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता आणि आजोबांच्या कुशीत झोपायचा. क्षयरोग केंद्रातल्या ताई घरी आल्या, सगळ्यांची तपासणी झाली. मुलाला आजार नव्हता. पण घरातलं लहान मूल म्हणून त्याला खबरदारीचं औषध सुरू झालं, आयसोनियाझिड, रोज दीड गोळी, सहा महिने. गोळी कुटून मधातून द्यायची. मी सकाळी खलबत्ता घेतला, बत्त्याला धरलं आणि लक्षात आलं, पट्ट्याला भोक पाडलं ते यानंच. मधाची बाटली अडुळशाचीच. चमचाही तोच असणार, आमच्याकडे तेवढ्या मापाचा एकच आहे. मुलानं चाटण चाटलं आणि विचारलं, "हे पण तुझ्या झाडाचं आहे?"

अण्णांना सुरुवातीचे दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन. मधेच मार्चमध्ये टाळेबंदी लागली. गोळ्या आणायला नवरा तोंडाला रुमाल बांधून, पोलिसांना कागद दाखवत जायचा. आणि नेमक्या त्याच दिवसांत माझा फोन अखंड वाजत होता. सगळ्या महाराष्ट्राला एकदम काढा हवा होता. आमच्या आवारातल्या कडुनिंबावर गुळवेल आहे, तिची पानं उरली नाहीत, खोडंसुद्धा सोलून नेली. आतल्या खोलीत अण्णांच्या गोळ्यांचा हिशेब मांडून मी बसलेली, आणि बाहेरून हाका, "ताई, गुळवेल किती इंच घ्यायची?" त्या दिवसापासून मी "सांगत नाही" म्हणायला लागले. कारण सांगितलं नाही. क्षय हा शब्द सोसायटीत उच्चारायची हिंमत नव्हती, हे खरं कारण. तेव्हा मला उर्मट म्हणालात, त्यात तुमची चूक नाही.

2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांचा अहवाल छापला: गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की त्याच कुळातली दिसायला तशीच दुसरी वेल घेतली गेली असेल, गुळवेलीला बदनाम करू नका. कोण बरोबर, यावर मी बोलणारी कोण. पण मंत्रालयाचं म्हणणं खरं धरलं तरी मला घामच फुटला. आवारातली वेल नेमकी कुठली, हे आमच्यापैकी किती जणांनी पाहिलं होतं? ब्राह्मी मागितली तर एक नर्सरीवाला जाड बारक्या पानांची देतो आणि दुसरा गोल पानांची मंडूकपर्णी, दोघंही शपथेवर ब्राह्मी म्हणून. मी माझी झाडं बियांपासून वाढवते त्यामागे हे एक कारण होतं, की निदान आपल्या कुंडीत काय आहे ते आपल्याला कळावं. पण बियांची पाकिटंही चुकतात. एकदा सब्जा म्हणून आणलेल्यातून मुकाट्याने साधी तुळस निघाली.

तो अहवाल वाचून मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करते. बघा, मी गप्प बसले ते बरोबरच, असं. नवरा म्हणाला, "उलटा आला असता तर वाचला असतास का?" नसता वाचला.

जुनी पुडी परवा एका नणंदेकडे सापडली. 2016 ची असावी. वर माझं टपोरं अक्षर: "किराईत. तापावर. दोन चमचे काढा, दिवसातून दोनदा." तापावर! कुठल्या तापावर, किती दिवसांच्या, किती वयाच्या माणसाला? लिहिणारीला एकही प्रश्न पडलेला नाही. तिच्यावर चिडावं तर तीच मला पेरायला शिकवून गेलीय. ती इतकी भाबडी नसती तर एवढ्या कुंड्याही नसत्या.

म्हणजे मी आता घरी काही देत नाही, असं समजू नका. चहात गवती चहा रोज पडतो. मुलाला पडसं झालं तर तुळस-आलं होतंच, अडुळसाही झालाय दोनदा. त्या रात्री कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करते आणि पंधरावा दिवस मोजून तिथे दुसरा. भाऊ याला नाटक म्हणेल. तुम्ही म्हणाल, स्वतःच्या मुलाला देते आणि आम्हाला सांगत नाही. दोघांनाही माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या कॅलेंडरवर गोल कोण करणार, एवढंच मला ठाऊक नाही.

अण्णा बरे झाले. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसतात, मग तिसरा चढतात. ते एकोणपन्नास दिवसांमुळे की एकतीस वर्षांमुळे, हे डॉक्टरांना मी विचारलं होतं. सांगता येत नाही म्हणाले.

गेल्या आठवड्यात अडुळशाची खालची पिवळी पानं गायब दिसली. अण्णांना विचारलं. वर्तमानपत्र खाली न घेता म्हणाले, "बकरीनं खाल्ली असतील."

तिसऱ्या मजल्यावर.