तुम्ही विचारलंत म्हणून: सुझनच्या नवऱ्याला पकडलं का नाही?

गुन्ह्यांच्या तपासावर मी लिहिते, त्यामुळे सुझन पॉवेलचं नाव निघालं की एक प्रश्न हमखास येतो. "अहो, नवऱ्यानेच केलं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मग पोलिसांनी त्याला आत का नाही टाकलं?"

प्रकरण अमेरिकेतलं, युटा राज्यातल्या वेस्ट व्हॅली सिटीचं. दोन मुलांची आई असलेली सुझन तिथून नाहीशी झाली. 7 डिसेंबर 2009, सोमवार. पॉवेलांची दोन मुलं पाळणाघरात पोचली नाहीत, आईबापांचा पत्ता नाही. घरात विषारी वायू भरून सगळे बेशुद्ध तर पडले नसतील, या धास्तीने पोलीस जबरदस्तीने आत शिरले. आत कुणीच नव्हतं. सोफ्यापाशी ओल होती आणि ती वाळावी म्हणून दोन पंखे लावून ठेवलेले होते. सुझनची पर्स घरातच होती.

नवरा जॉश संध्याकाळी मुलांना घेऊन परतला. म्हणाला, मध्यरात्रीनंतर मुलांना वाळवंटात कॅम्पिंगला नेलं होतं, बायको घरी होती. मुलं चार आणि दोन वर्षांची, डिसेंबरची बर्फाळ रात्र, सकाळी कामावर जायचं. तर म्हणे वाराचा घोळ झाला, रविवार आहे असं वाटलं! सुझनचा फोन त्याच्याच गाडीत सापडला, सिमकार्ड काढलेला. एक-दोन दिवसांत त्याने दुसरी गाडी भाड्याने घेतली आणि ती सुमारे 800 मैल फिरवली. कुठे, ते कधीच कळलं नाही. बँकेच्या लॉकरमध्ये सुझनने 2008 मध्ये स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला कागद निघाला: मी मेले आणि तो अपघात वाटला, तरी तो अपघात नसेलही.

हे सगळं वाचून तुमचा पारा चढतो, माझाही चढतो. पण सरकारी वकिलाच्या खुर्चीत बसून बघा. मृतदेह नाही, हत्यार नाही, साक्षीदार म्हणजे चार वर्षांचं पोर. अमेरिकेत खुनाच्या खटल्यातून माणूस एकदा निर्दोष सुटला की त्याच आरोपावरून त्याच्यावर पुन्हा खटला भरता येत नाही. उद्या मृतदेह सापडला तरी नाही. घाई केली आणि ज्यूरीतला एखादा जरी शेवटपर्यंत अडून बसला तरी निकाल लागत नाही. म्हणून वकील थांबतात. आणखी एखादा धागा मिळेल, कुणीतरी बोलेल, आरोपी कुठेतरी चुकेल, या आशेवर.

हे थांबणं मला कळतं, पण सगळं पटत नाही. मृतदेहाशिवाय खून सिद्ध होतो. सिडनीची लिनेट डॉसन 1982 च्या जानेवारीत नाहीशी झाली. घर सोडून गेली, असं नवऱ्याने सांगितलं आणि बरीच वर्षं ते खपलं. 2001 आणि 2003 अशा दोन न्यायिक चौकशांनी खटला भरा असं सुचवलं, तरी अटक झाली ती 2018 मध्ये. 2022 मध्ये तो दोषी ठरला. मृतदेह आजतागायत नाही. अशा खटल्यात उलट बाजूने जावं लागतं: ती जिवंत आहे याची एक तरी खूण दाखवा. बँकेचं खातं, डॉक्टर, आईला फोन, मुलींचे वाढदिवस. दोन लहान मुलींवर जीव असलेली बाई इतकी वर्षं एकदाही डोकावत नाही, हे त्या खटल्यातलं फार वजनदार म्हणणं होतं.

आता लगेच म्हणाल, मग नवऱ्यालाच धरावं दरवेळी. थांबा. डिसेंबर 1926 मध्ये इंग्लंडमध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती नाहीशा झाल्या. गाडी रस्त्याकडेला सोडलेली. नवऱ्याचं दुसरीकडे प्रेमप्रकरण, त्याने घटस्फोट मागितलेला. अर्ध्या देशाने त्याला मनातल्या मनात खुनी ठरवलं. अकरा दिवसांनी बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात सुखरूप सापडल्या. वहीत नाव लावलं होतं, तेही नवऱ्याच्या त्या मैत्रिणीचं आडनाव घेऊन! संशयाला जागा होती, पण खून झालाच नव्हता.

म्हणून पॉवेल प्रकरणात माझा राग अटकेवर नाही, मुलांवर आहे. म्हणजे मुलांच्या बाबतीत जे झालं त्यावर. खून सिद्ध करायला वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. मुलं कुणाकडे ठेवायची, बापाने त्यांना कुठे आणि कशा पहाऱ्यात भेटायचं, हे ठरवायला एवढा पुरावा लागत नाही. तिथे मुलांना धोका आहे का, एवढंच बघायचं असतं. जॉश मुलांना घेऊन वॉशिंग्टन राज्यात आपल्या वडिलांकडे राहायला गेला होता. 2011 मध्ये त्या वडिलांनाच अटक झाली, तेव्हा कुठे मुलं तिथून काढून सुझनच्या आईवडिलांकडे दिली. तरी बापाच्या भेटी पुढे त्याच्याच भाड्याच्या घरात होऊ लागल्या. 1 फेब्रुवारी 2012 ला न्यायालयाने मुलं परत द्यायला नकार दिला आणि त्याला मानसिक तपासणीला जायला सांगितलं. 5 तारखेला समाजसेविका मुलांना भेटीसाठी घेऊन आली. मुलं आत गेली आणि त्याने तिच्या तोंडावर दार लावलं. ती बाहेरून पोलिसांना फोन करत राहिली. पलीकडच्या माणसाला गांभीर्य कळायलाच वेळ गेला. जॉशने घर पेटवून दिलं. दोन्ही मुलं गेली, तोही गेला. 2020 मध्ये ज्यूरीने राज्याच्या समाजकल्याण खात्याला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं.

यानंतर हटकून दुसरा प्रश्न येतो, "मग आता प्रकरण मिटलं म्हणायचं का?" 2013 मध्ये पोलिसांनी तपास आवरता घेतला आणि फाइल लोकांसाठी खुली केली. जॉशवर कधी आरोपपत्रच दाखल झालं नाही, त्यामुळे कुठल्याही फौजदारी न्यायालयाने त्याला दोषी म्हटलेलं नाही. त्यानेच केलं असं माझं मत आहे, ते मी लपवत नाही. पण सुझन सापडलेली नाही. त्या भागात सोडून दिलेल्या जुन्या खाणी भरपूर आहेत, आणि त्यांतल्या काहींमध्ये पोलीस तिच्यासाठी उतरलेही होते.