चार डिस्क, शून्य बाइट : सेकंडहँड सर्व्हर घेतानाचा माझा अनुभव

सेकंडहँड सर्व्हरच्या धंद्यात ‘फुल टेस्टेड’ म्हणजे बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीनवर लोगो आला. बास. ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्क दिसतात का, हे त्या टेस्टमध्ये बसत नाही. मला ते कळायला तीन आठवडे लागले. त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून पुढे डिस्कचंच पुराण जास्त झालं तर समजून घ्या.

घेतलं ते असं : डेल पॉवरएज आर७२०, साडेतीन इंची ८ डिस्क बसणारा. दोन झिऑन ई५-२६५० व्ही२ प्रोसेसर, म्हणजे एकूण १६ कोअर. ६४ जीबी डीडीआर३ रॅम, एच७१० मिनी रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणारं), दोन ७५० वॅटचे पॉवर सप्लाय. वर ४ टीबीच्या चार सास डिस्क, म्हणजे सर्व्हरच्या जोडणीच्या. प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम) टाकायचं, डेटा झेडएफएसवर (डिस्कची राखण स्वतः करणारी फाइल सिस्टिम) ठेवायचा आणि दहा-बारा व्हर्च्युअल मशीन चालवायची, एवढाच हेतू.

आज विचाराल तर आर७२० घेऊ नका, आर७३० घ्या. कारण वेगाचं नाही. आर७२० मध्ये बसणाऱ्या व्ही१ आणि व्ही२ झिऑनमध्ये एव्हीएक्स२ (प्रोसेसरचा एक सूचनासंच) नाही, ते हॅसवेलपासून, म्हणजे व्ही३ पासून आलं. २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० ला किमान तेवढा प्रोसेसर लागतो, त्यामुळे त्याचं व्हर्च्युअल मशीन व्ही२ वर बूटच होत नाही. अल्मालिनक्सनं जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी आवृत्ती ठेवली आहे, पण घरची ही लॅब शिकायलाच असेल तर पहिल्याच दिवशी पळवाट कशाला? आर७३० ला डीडीआर४ लागते. तीच रॅम पुढे दुसऱ्या मशीनला उपयोगी पडते. एक खाच मात्र आहे. व्ही३ काढून व्ही४ प्रोसेसर टाकणार असाल तर जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस २ च्या मालिकेवर नेऊन ठेवा. नाही तर नवा बसवल्यावर काळी स्क्रीन बघत बसाल.

आणि पाच-सहाच मशीन चालवायची असतील, ३२ जीबीत भागत असेल, तर सर्व्हर नकोच. ऑफिसांतून निघालेले छोटे ऑप्टिप्लेक्स किंवा थिंकसेंटर निवांत असताना १०-१५ वॅट खातात. माझा आर७२० चार डिस्कसह रिकामा बसला तरी मीटरवर १५० वॅट दाखवतो. म्हणजे महिन्याला १०८ युनिट, नुसते चालू ठेवण्याचे. घरगुती दरात १०० युनिटांच्या वरचा टप्पा जवळजवळ दुप्पट महाग असतो आणि हे सगळे युनिट त्या वरच्या टप्प्यातच जाऊन बसतात. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाचे तेरा हजार होतात. सर्व्हरच्या किमतीत घासाघीस करण्याआधी हा हिशेब करा.

रॅम, प्रोसेसर, आयड्रॅक (डेलचा सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) हे सगळं एका संध्याकाळीत जुळलं. आता डिस्क.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा कार्डाच्या मेनूमध्ये चारही डिस्कसमोर ‘ब्लॉक्ड’. विक्रेत्याला फोन केला. “साहेब, चालू माल आहे, तुमच्या सेटिंगमध्ये काहीतरी असेल.” कार्ड बदलून देतो म्हणाला, दिलं, तेही एच७१०. पुन्हा ‘ब्लॉक्ड’. मग चार दिवस फोन उचलला नाही. शेवटी डिस्क बाहेर काढून तिच्यावरचं लेबल नीट वाचलं, तेव्हा उलगडा झाला. वर एका स्टोरेज कंपनीचं स्टिकर होतं आणि खाली बारीक अक्षरांत सेक्टरचा आकडा : ५२०.

साध्या डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. मोठ्या स्टोरेज पेट्यांत जाणाऱ्या बऱ्याच सास डिस्क ५२० बाइटांवर फॉरमॅट केलेल्या असतात. वरचे ८ बाइट ती पेटी स्वतःच्या चेकसमसाठी (डेटा बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) वापरते. अशी डिस्क खराब नसते, पण साधं रेड कार्ड तिला हात लावत नाही. लिनक्सला थेट जोडली तर कर्नलच्या लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड सेक्टर साइज ५२०’ अशी ओळ येते आणि क्षमता शून्य बाइट दाखवली जाते. स्टोरेज पेट्या भंगारात निघाल्या की त्यातल्या डिस्क स्वस्तात बाजारात येतात, आणि त्या स्वस्त का आहेत हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं, किंवा असतं.

उपाय आहे, तोही फुकट : डिस्क ५१२ वर पुन्हा फॉरमॅट करायची. पण त्यासाठी लिनक्सला डिस्कशी थेट बोलता आलं पाहिजे, आणि नेमकं तेच एच७१० होऊ देत नाही. त्यात पासथ्रू, म्हणजे डिस्क जशीच्या तशी पुढे दाखवायची सोय, नाही. प्रत्येक डिस्कचं वेगळं रेड-० (एका डिस्कचाच रेड गट) करायचं आणि त्यावर झेडएफएस टाकायचं असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. डिस्कची खरी तब्येत झेडएफएसपासून लपते, मध्ये कार्डाची कॅशे येते, आणि डिस्क बदलायची वेळ आली की आधी कार्डाच्या मेनूत जाऊन नवं रेड-० बांधावं लागतं. शिवाय माझ्या ब्लॉक्ड डिस्कवर तेही होत नव्हतं.

मग दोनच रस्ते उरतात. एक, एलएसआय ९२०७-८आय सारखं साधं एचबीए कार्ड (डिस्क थेट सिस्टिमपुढे ठेवणारं) घेऊन पीसीआयई स्लॉटमध्ये लावायचं. त्यात केबलचा घोळ आहे : मिनी कार्ड मदरबोर्डवरच बसतं, त्याची डिस्कच्या बॅकप्लेनकडे (डिस्क जिथे खोचतात ती पाटी) जाणारी केबल मदरबोर्डात खोचलेली असते आणि ती पीसीआयई कार्डाला चालत नाही, वेगळी लांब केबल घ्यावी लागते. बाजारात या कार्डांच्या नकलाही आहेत. दुसरा रस्ता, एच७१० चंच फर्मवेअर (कार्डावरचा आतला प्रोग्राम) बदलून त्याला एचबीए करायचं. त्याला आयटी मोड म्हणतात. मी दुसरा धरला.

हे करताना क्रम चुकवायचा नाही. आधी कार्डाची बॅटरी सोडवायची, म्हणजे तिच्यावर जिवंत राहिलेली जुनी कॅशे मध्ये कडमडत नाही. सगळ्या डिस्क बाहेर. एलएसआयच्या चिपचं दुसरं कार्ड असेल तर तेही बाहेर, नाही तर फर्मवेअर भलत्यावरच चढेल. बायोसमध्ये बूट मोड यूईएफआयवरून बायोसवर आणायचा. व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, एसआर-आयओव्ही आणि आय/ओएटी डीएमए तिन्ही बंद. (नंतर पुन्हा चालू करायचं विसरू नका. मी विसरलो, आणि प्रॉक्समॉक्सनं पहिलं मशीन चालू करायला नकार दिल्यावर पंधरा मिनिटं कार्डालाच शिव्या घातल्या.) मग फ्रीडॉसच्या पेनड्राइव्हवरून बूट करून कार्डाची माहिती काढायची. तिथे दोन गोष्टी दिसतात : कार्डाची रिव्हिजन, बी० किंवा डी१, आणि सास ॲड्रेस (कार्डाचा ओळख क्रमांक). मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रिव्हिजनप्रमाणे फाइली वेगळ्या आहेत, आणि सास ॲड्रेस शेवटी हातानं परत लिहावा लागतो. पुढचा टप्पा लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून होतो.

आर७२० मध्ये आणखी एक मेख आहे. मिनी कार्डाच्या जागेत डेलची ओळख सांगणारं कार्ड नसेल तर सर्व्हर ‘इनव्हॅलिड पीसीआयई कार्ड’ म्हणून सुरू होतानाच अडून बसतो. म्हणून एलएसआयचं साधं फर्मवेअर जसंच्या तसं चढवायचं नाही. मिनी कार्डासाठी डेलची ओळख राखून तयार केलेलंच वापरायचं. आयटी मोडवर गेल्यावर आयड्रॅकच्या पानावर डिस्क दिसेनाशा होतात. तो बिघाड नाही.

एवढं झाल्यावर चार डिस्क लावल्या आणि लिनक्सनं चारही दाखवल्या, शून्य बाइटच्या. शून्य बघून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

फॉरमॅटसाठी एसजी३-यूटिल्स नावाचं पॅकेज लागतं. त्यातल्या फॉरमॅटच्या कमांडला साइज ५१२ द्यायची. काही डिस्कवर प्रोटेक्शन इन्फर्मेशनही (सेक्टरमागचे तपासणीचे जादा बाइट) चालू असते, ती शून्यावर आणायचा पर्याय त्याच कमांडमध्ये द्या, म्हणजे दोनदा फॉरमॅट करावं लागत नाही. डिस्कचं नाव तीनदा तपासा. चार टर्मिनल उघडून चारही एकदम लावता येतात, कारण काम डिस्क आतल्या आत करते, कमांड फक्त किती टक्के झालं ते विचारत बसते. टर्मिनल बंद पडलं तरी फॉरमॅट थांबत नाही. वीज गेली तर मात्र थांबतं, आणि मग डिस्क ‘मीडियम फॉरमॅट करप्टेड’ म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ४ टीबीच्या ७२०० आरपीएम डिस्कला आठ तासांच्या आसपास लागतात. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे पोरासोरांना माहीत आहे. मी बुधवारी रात्री दोन वाजता सुरू केलं. सकाळी ९१ टक्क्यांवर वीज गेली. यापुढे काही लिहीत नाही.

घरचा इन्व्हर्टर होता, पण स्क्वेअर वेव्हचा. सर्व्हरच्या पॉवर सप्लायला तसली वीज मानवत नाही. प्युअर साइन वेव्हचा यूपीएस घ्या. ७५० वॅटचा आकडा बघून घाबरू नका, १५० वॅट खाणाऱ्या मशीनला साधा १ केव्हीएचा पुरतो, दिवा विझायच्या आत नीट बंद करण्यापुरता. दुसरा पॉवर सप्लाय घरी काढून ठेवला तरी चालतं, सुटा भाग म्हणून राहतो.

फॉरमॅटनंतर डिस्कची तब्येत बघा. सास डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) साध्या संगणकातल्या साटा डिस्कसारखी लांबलचक यादी नसते. बघायचं ते ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’, म्हणजे वापरात खराब झालेल्या जागांची यादी; आकडा शून्य हवा. पाच-दहा असेल आणि आठवड्याभरात वाढला तर परत. आणि एकूण चाललेले तास. ४०,००० म्हणजे साडेचार वर्षं अखंड. माझ्या चारपैकी एक डिस्क इथेच बाद झाली.

तर दुकानात विचारायचं काय? सेक्टर ५१२ की ५२०, लेबलचा फोटो पाठवा. कार्ड कोणतं? आर७३० मध्ये एचबीए३३० असेल तर डोळे झाकून हो म्हणा. एच७३० असेल तर त्याला मेनूतून एचबीए मोडवर नेता येतं, म्हणजे वरचं सगळं पुराण वाचतं. कॅडी, म्हणजे डिस्क बसवायच्या चौकटी, मोजा. समोरून कॅडीसारखी दिसणारी प्लास्टिकची डमी झाकणं लावून ‘८ बे’ म्हणतात, आणि उघडल्यावर डिस्क बसवायला काहीच नसतं. साडेतीन इंची बे हव्यात की अडीच इंची, ते आधीच ठरवा, नंतर बॅकप्लेन बदलणं परवडत नाही. साटा डिस्क सासच्या बॅकप्लेनवर चालते, सास डिस्क साध्या साटा पोर्टला बसतच नाही.

रॅमचं राहिलंच. डीडीआर४ च्या लेबलवर पीसी४, मग वेग, मग डॅश देऊन एक अक्षर असतं. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘एल’ म्हणजे लोड-रिड्यूस्ड, ‘ई’ म्हणजे अनबफर्ड ईसीसी. आर आणि एल एका मशीनमध्ये मिसळत नाहीत, आणि ई या सर्व्हरचं काम नाही. एका प्रोसेसरला चार चॅनेल आहेत, तेव्हा दोन ३२ च्या पट्ट्यांपेक्षा चार १६ च्या बऱ्या. एकच प्रोसेसर असलेला सर्व्हर स्वस्त मिळतो, पण त्यात रॅमचे निम्मे स्लॉट आणि काही पीसीआयई स्लॉट मुके असतात.

आयड्रॅकचं एंटरप्राइज लायसन्स आहे का ते बघा, नाही तर दुसऱ्या खोलीतून स्क्रीन दिसत नाही. फर्मवेअर फार जुनं असेल तर एकदम शेवटच्यावर उडी घेऊ नका, मधल्या आवृत्तीवरून जा. एचपीचा प्रोलायंट घेणार असाल तर २०१४ पासून त्याचे बायोस अपडेट वॉरंटी किंवा करार असल्याशिवाय उतरवता येत नाहीत, म्हणून विक्रेत्याकडूनच ताजं करून घ्या.

प्रॉक्समॉक्स मी डीव्हीडीच्या जागेतल्या साटा पोर्टवर एक छोटी एसएसडी लावून टाकलं. त्यामुळे आयटी मोडच्या कार्डावर बूट रॉम (त्याच्या डिस्कवरून सुरू होण्यासाठी लागणारा) चढवावा लागला नाही आणि मशीन सुरूही लवकर होतं. सुरू होताना मिनिटभर पंखे मिक्सरसारखे ओरडतात, मग शांत होतात. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.