सुरुवात करणे हेच खरे काम

एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणाऱ्या मेंदूविकासाशी संबंधित स्थितीचे, निदान मला नोकरीत स्थिरावल्यानंतर झाले, त्यामुळे त्याआधीची अनेक वर्षे अपुऱ्या राहिलेल्या प्रत्येक कामाचा दोष मी स्वतःच्या आळसाला देत राहिलो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेने एडीएचडीची लक्षणे सुरू होण्याची वयोमर्यादा ७ वरून १२ वर्षांपर्यंत वाढवली आणि १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी आवश्यक लक्षणांची संख्या ६ ऐवजी ५ केली. उशिरा निदान झालेल्या माझ्यासारख्यांना हा बदल फार मोलाचा वाटतो.

मला सर्वाधिक अडते ती सुरुवात. काय करायचे ते पुरते ठाऊक असते, करण्याची इच्छाही असते, तरीही अहवालाची कोरी फाइल समोर ठेवून तास निघून जातो. म्हणून मी यादीत ‘अहवाल लिहिणे’ असे न नोंदवता ‘पहिले वाक्य लिहिणे’ असे नोंदवतो, आणि तोंडी मिळालेली सूचना तत्काळ कागदावर उतरवतो, कारण ती लक्षात राहील हा भरवसा मला अनेकदा महागात पडला आहे. नवी जबाबदारी स्वीकारतानाही पदापेक्षा मुदती किती जवळच्या आणि स्पष्ट आहेत, हे मी आधी पाहतो.

मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरील औषधामुळे भूक मंदावते, झोप उशिरा लागते आणि रक्तदाब व नाडीचा वेग वाढू शकतो, त्यामुळे डॉक्टरांकडील नियमित तपासणी मी टाळत नाही. दुपारच्या जेवणासाठी मात्र आजही गजर लावावा लागतो.