संत्र्याचा ताण आणि फिल्टर पेपर

आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडून संत्र्याची बाग ताणावर सोडतात, हे आमच्या नागपूरकडे कोणाला सांगावे लागत नाही. गंमत अशी, की माती पाणी किती जोराने धरून ठेवते त्याला मृदाशास्त्रातही ताणच म्हणतात आणि तो किलोपास्कलमध्ये मोजता येतो.

काटोलजवळच्या मामांच्या बागेतून जानेवारीत मी फूटभर खोलीवरचे दोन नमुने आणले. भारी काळ्या मातीचा मुठीत अजून गोळा वळत होता; हलकी, मुरमाड माती बोटांतून सांडत होती, जरी तिथे ताण लवकर बसतो म्हणून मामांनी पाणी उशिरा तोडले होते. काळीत ओल टिकून आहे, असे त्यांचे ठाम मत होते.

प्रेशर प्लेटसारखे महागडे उपकरण हाताशी नसल्यामुळे फिल्टर पेपरची पद्धत वापरली. व्हॉटमन ४२ क्रमांकाचा कोरडा कागद, त्याला माती चिकटू नये म्हणून वर-खाली आणखी एकेक कागद, भोवती दाबून बसवलेली माती, आणि हवाबंद बरणीत किमान सात दिवस. कागद मातीतून पाणी ओढतो आणि दोघांची ओढ सारखी झाली की थांबतो. मधला कागद चिमट्याने उचलून काही सेकंदांत डबीत बंद करावा लागतो, कारण पाव ग्रॅमही न भरणाऱ्या त्या कागदाचे वजन उघड्या हवेत लगेच बदलते. ओव्हनमध्ये वाळवण्याआधीच्या आणि नंतरच्या वजनांवरून कागदातील ओलावा काढायचा. तो ४५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याला ०.०७७९ ने गुणून ५.३२७ मधून वजा केले की ताणाचा, दहाच्या पायाचा, लॉगॅरिदम मिळतो.

पहिली खेप माझ्याच हलगर्जीपणाने वाया गेली. बरण्या खिडकीत राहिल्या, दुपारचे ऊन आणि रात्रीचा गारठा यांमुळे झाकणाखाली दव धरले आणि कागद आयताच भिजला. पिशवीत बंद ठेवलेल्या उरलेल्या मातीची दुसरी खेप थर्माकोलच्या खोक्यात ठेवली.

काळ्या मातीत २४ टक्के पाणी निघाले, हलकीत ११. कागदांचे म्हणणे मात्र उलटे होते: काळीतल्या कागदात २८ टक्के, म्हणजे ताण सुमारे १४०० किलोपास्कल, हलकीतल्या कागदात ४० टक्के, म्हणजे जेमतेम १६०. पीक कायमचे कोमेजण्याची मर्यादा १५०० धरतात. काळ्या मातीतील स्मेक्टाइट खनिजाच्या अतिसूक्ष्म कणांचा एकूण पृष्ठभाग इतका अफाट असतो, की पाण्याचा मोठा वाटा त्यांनाच चिकटून बसतो. मुठीला ती ओल लागते, मुळांना सुटत नाही.

मामांना आकडे कळवले, तेव्हा काळीतल्या झाडांची पाने दुपारी मलूल दिसतात खरी, असे ते म्हणाले. हलकीचा नमुना पुढच्या आठवड्यात पुन्हा काढायचा आहे.