वाफाळत्या दगडांपासून सिंहगडापर्यंत

पाऊस थांबला आणि समोरच्या काळ्या दगडांतून वाफा निघायला लागल्या. आइसलँडमधला जून, अंगात दोन स्वेटर, वर रेनकोट, आणि वारा असा की उभं राहवत नव्हतं. तरी दादा आणि मी कितीतरी वेळ जागचे हललो नाही.

फाग्रादाल्सफ्यात्ल, म्हणजे सुंदर दरीचा डोंगर. राजधानी रेक्याविकपासून साधारण ४० किलोमीटर. या रेक्यानेस द्वीपकल्पावरचे ज्वालामुखी जवळजवळ ८०० वर्षं शांत होते. १९ मार्च २०२१ च्या रात्री गेल्डिंगादालिर खोऱ्यात जमीन फाटली आणि पुढचे सहा महिने लाव्हा वाहत राहिला. आम्ही २०२२ मध्ये पोचलो तेव्हा तो थिजला होता, पण आतून अजून गरम होता. पावसाचं पाणी मुरलं की वाफ.

चढण सिंहगड चढणाऱ्याला जड नाही. घसारा मात्र आहे, काठी हवीच.

लाव्ह्याच्या कडेला मी उकिडवी बसले. दुधावरची साय चमच्याने एका बाजूला सारली की जशा वळ्या पडतात, अगदी तशा दगडाला पडल्या होत्या. कारणही तेच! वरची कातडी थंड होऊन धरते, खालचा रस पुढे ढकलत राहतो. एक कड तुटली होती, तिथे अनारशासारखी जाळी. वायूचे बुडबुडे निसटता निसटता अडकले, त्यांची ही घरं.

"सिंहगडावरच्या दगडाला अशीच भोकं आहेत ना गं?" दादा म्हणाला.

आहेतच. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच लाव्ह्याचा आहे, थरावर थर. जाडजूड, घट्ट मधला भाग म्हणजे आपला कडा. वरचा जाळीदार भाग झिजतो, तिथे उतार आणि झाडी. आइसलँडच्या या उद्रेकात लाव्हा पसरला पाचेक चौरस किलोमीटर, आणि दख्खनचा आजही उरलाय तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. तिथे उभं राहून हा आकडा आठवला आणि पोटात गोळा आला.

एक जोडपं फोटोसाठी थेट लाव्ह्यावर चढलं. फार राग आला. वरचं कवच पातळ, खाली पोकळी असू शकते. तशा पाट्या लावल्यात, तरीही!

आम्ही परतलो आणि ३ ऑगस्टला शेजारच्याच मेरादालिर खोऱ्यात पुन्हा उद्रेक झाला. रात्रभर व्हिडिओ बघत बसले. हळहळ अजून गेलेली नाही.

त्या रविवारी सिंहगडावर गेले. पुणे दरवाज्याच्या अलीकडे, वाटेकडेच्या कातळावर हात ठेवला. गार. जाळीच्या एका भोकात पांढरा स्फटिक वाढलेला होता. पाणी झिरपत झिरपत, त्यातले क्षार साचत साचत तो तयार होतो. वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांत कॅव्हन्साइट नावाचे निळेशार स्फटिक सापडतात. वरून पावसाची बारीक धार त्या स्फटिकावर पडत होती.