दीड ताटामी

शनिवार, रात्री साडेअकरा, ओसाका

आईला आज आबेनो हारुकासला नेलं. 300 मीटर, 60 मजले. 2014 मध्ये पूर्ण उघडली तेव्हापासून 2023 पर्यंत जपानमधली सर्वांत उंच इमारत हीच होती. मग टोकियोच्या आझाबुदाईत 325 मीटरची उभी राहिली. ओसाका-कोबे-क्योतोच्या या साऱ्या पट्ट्यात मात्र पहिला नंबर अजून हिचाच. खाली रेल्वे स्टेशन, त्यावर डिपार्टमेंट स्टोअर, सोळाव्या मजल्यावर फुकटात बसता येईल अशी बाग. तिथून लिफ्टने पाऊण मिनिटात साठाव्या मजल्यावर.

वर पोचल्यावर आई काचेपासून चार हात लांबच उभी राहिली. "हे हलत नाही ना गं?" तिसऱ्यांदा विचारलं तिने.

हसण्यावारी नेणं मला जमलं नाही. आई पाटण तालुक्यातली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांची होती. घराची भिंत पडलेली तिने डोळ्यांनी पाहिली आहे. तिला "काही होत नाही" म्हणून गप्प बसवायचं मला पटत नाही. मग पश्चिमेला, खाडीच्या कडेला एकटीच उभी असलेली इमारत तिला बोटाने दाखवली. साकिशिमाची ती, 256 मीटर, 1995 ची. दक्षिणेला कान्साई विमानतळासमोर रिंकू गेट टॉवर आहे, तो साकिशिमाच्या इमारतीहून फक्त 10 सेंटिमीटर उंच.

11 मार्च 2011 ला ईशान्य जपानमध्ये तोहोकूचा भूकंप झाला. केंद्र इथून 700 किलोमीटरहून जास्त लांब. ओसाकात जमिनीवर धक्का तसा बेताचाच होता. पण साकिशिमाची ती इमारत दहा मिनिटं डोलत राहिली. वरच्या मजल्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत 2.7 मीटर! छताचे तुकडे पडले, लिफ्ट बंद पडून माणसं आत अडकली. ओसाका प्रिफेक्चरचं, म्हणजे इथल्या प्रांत सरकारचं, सगळं ऑफिस तिथे हलवायचा बेत होता, तोही मग सोडून द्यावा लागला.

"एवढ्या लांबून?" आईचा विश्वास बसेना.

झोपाळ्याचं उदाहरण दिलं. झोपाळा परत येतो नेमक्या त्याच वेळी हलकासा रेटा दिला की झोका वाढतच जातो, जोर लावावा लागत नाही. उंच इमारतीचाही असा स्वतःचा झोका असतो, त्या इमारतीचा सहा-सात सेकंदांचा. लांबून येणाऱ्या संथ लाटा नेमक्या त्याच तालात आल्या. त्यात खाली समुद्रात भर घालून केलेली मऊ जमीन. पुढे तिथे धक्के शोषून घेणारे डॅम्पर वाढवले. हारुकासमध्ये असे डॅम्पर बांधतानाच बसवलेले आहेत, आणि ती भरावावर नाही, उएमाचीच्या जुन्या उंचवट्यावर आहे. तरी ती हलणारच नाही असं मी आईला सांगितलं नाही. हलावं तर लागतंच, फक्त लवकर थांबता आलं पाहिजे.

उंचीचं कौतुक करणारे खूप भेटतात. 2007 पर्यंत इतामी विमानतळाच्या उंचीच्या नियमामुळे इथे 300 मीटर बांधायला परवानगीच नव्हती, हेही रंगवून सांगतात. मला मात्र ती दहा मिनिटं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या दिवशी वर जे कामाला बसले होते, त्यांनी टेबल धरून काय काय मनात आणलं असेल!

खाली उतरताना शितेन्नोजी या जुन्या बौद्ध मंदिराचा पाच मजली पॅगोडा दिसला. कितीदा पडला, जळला. आताचा 1959 चा, काँक्रीटचा. आईने तिथे मात्र हात जोडले.

घरी आल्यावर म्हणाली, "2.7 मीटर म्हणजे केवढं ते दाखव." ताटामीची, म्हणजे इथे जमिनीवर घालतात त्या जाड चटईची, लांबी 1.8 मीटर धरली तर दीड ताटामी. ती एका कडेला उभी राहिली, मी दुसऱ्या टोकाला. बराच वेळ काही बोलली नाही.

झोपताना तिने अंथरूण कपाटापासून लांब ओढून घेतलं. मीही माझं ओढलं.